बावीस दारांची चावी

मी एक जुनी चावी आहे, मित्रांनो. पण खिशात मावणारी नव्हे. हातभर लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड, असा माझा अवतार. ते तोंड टाकीखालच्या व्हॉल्व्हवर बसवून मला फिरवलं, की बावीस घरांच्या नळांना पाणी यायचं.

सरकारी कारखान्यातल्या एका लोहाराने मला घडवलं. पुढे एका चावीवाल्याच्या खांद्यावर मी अठरा वर्षं काढली. तो कामाला चोख, पण तोंडाने फटकळ. सगळी गल्ली त्याच्या पुढेपुढे करायची आणि त्यामुळे मलाही भाव होता, हे कबूल करते.

मग राजधानीत काहीतरी बिनसलं. एक सरकार पडलं आणि दुसरं उभंच राहिलं नाही. पाणीखात्याच्या कचेरीला टाळं लागलं. चावीवाल्याने चार महिने वाट पाहिली आणि एके दिवशी मला टाकीच्या कठड्यावर ठेवून तो लेकीच्या गावी निघून गेला.

टाकी झऱ्याच्या पाण्याने आपोआप भरत होती, पण पाणी सोडणारं कोणी उरलं नव्हतं. गल्ली जमली. मला ठेवायचं कोणाकडे, यावर तासभर खल झाला.

"एकाच्या हातात दिली, की झालाच तो उद्याचा साहेब," घड्याळं दुरुस्त करणारे काका म्हणाले.

तेव्हा टाकीशेजारची शिवणकाम करणारी मावशी पुढे आली. एकटी राहणारी बाई, पण कोणाला भीक घालायची नाही. ती म्हणाली, "रोज एका दारावर टांगा. ज्याच्या दारावर चावी, त्यानं सकाळी पाणी सोडायचं आणि संध्याकाळी आपल्या हातानं ती पुढच्या दारावर लावायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि आठवणही करून द्यायची नाही. आज आठवण करून देणारा उद्या हुकूम सोडेल."

खोटं नाही सांगत, मित्रांनो, नऊ वर्षं हे सुरळीत चाललं. ना शिपाई, ना साहेब, ना दंड. "आज आम्ही सरकार!" असं म्हणत लोक मला खांद्यावर मिरवायचे. एखाद्याला उशीर झाला तर बाकीचे रिकाम्या बादल्या घेऊन मुकाट थांबायचे. त्याला ओशाळं वाटू नये म्हणून त्याच्या दाराकडे कोणी फिरकायचंही नाही. शेजारच्या गल्ल्यांतली माणसं हे बघायला यायची. मी तर अगदी हुरळून गेले होते.

त्या सकाळी मी मावशीच्या दारावर होते. आत धप्पकन काहीतरी पडलं. मग हाक आली, "कोणी आहे का?" आवाज इतका बारीक, की फळीच्या या बाजूला मी होते म्हणून मला कळला.

आठ वाजले, तरी नळ कोरडेच.

"मावशी कधी विसरत नाही," खाली गल्लीत बेकरीवाली म्हणाली. "विचारून येऊ का?"

"नियम कोणाचा? तिचाच ना?" काका म्हणाले. "आणि तिलाच आठवण करून द्यायची? वाईट वाटेल तिला."

सगळ्यांना पटलं. भली माणसं ती; बादल्या उचलून लांबच्या विहिरीवर गेली. संध्याकाळी मी पुढच्या दारावर गेले नाही, तरी कोणी चकार शब्द काढला नाही. दाराच्या तळाशी नखं घासल्याचा आवाज मला अंधार पडेपर्यंत येत होता. नंतर तो थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना राहवेना. त्यांनी आधी दार ठोठावलं आणि मग खांद्याने धक्के देऊन उघडलं. मावशी उंबऱ्याशी पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ सुकून गेले होते. तिने कसेबसे डोळे उघडले.

"पाणी सोडलं का कोणी?"

"सोडलं, मावशी," काका खोटं बोलले.

त्याच संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, काल कळवलं असतं तर वाचली असती.

"सरकार असतं, तर हे झालं नसतं," गर्दीतून कोणीतरी बोललं.

"दार ठोठावायला सरकार लागतं?" काका ओरडले आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागले. "मीच थांबवलं सगळ्यांना. मीच."

आता कचेरी पुन्हा उघडली आहे. साहेब आलाय, बटण दाबलं की पाणी येतं. हे बरं, की ते बरं, ते शहाण्यांनी ठरवावं. मी काकांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. गंज चढू नये म्हणून ते मला घड्याळाचं तेल लावतात.

मला तेल नाही लावलंत तरी चालेल, मित्रांनो. तुमच्या गल्लीत सरकार असो वा नसो, नियम तुम्ही कितीही चांगले करा. पण रोज उघडणारं एखादं दार एका सकाळी उघडलं नाही, तर जाऊन तेवढं ठोठावा. मी ती हाक ऐकली होती. मला हात नव्हते.