अकरा तोळ्यांची वाढ

पारडं खाली गेलं आणि मारुतीच्या सभामंडपात दाटीवाटीने बसलेल्या तीन-चारशे माणसांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

"कितना?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

तराजू धरणारा बन्सीलाल हा बाबांचा शिष्य. त्याने दुसऱ्या पारड्यात एकेक वजन टाकलं, काटा मधे आणला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "अकरा तोळे वाढ, महाराज."

"चुडामण, तेरी लक्ष्मी ग्यारह कदम चली है."

चुडामणभाऊ तिथेच आडवे झाले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली. कोणी शंख फुंकला, बायका लाल गाठोड्याला ओवाळू लागल्या, आणि ज्यांची गाठोडी अजून मोजायची होती ते एकमेकांना कोपरांनी ढकलत पुढे सरकले. त्या दिवशी एकतीस गाठोडी तोलली गेली. कोणाची नऊ तोळे वाढली, कोणाची बारा. एकाचंही घटलं नाही.

ही गोष्ट श्रावणातली, साल अठ्ठ्याऐंशी. गाव बोदवडपासून चार कोसांवर. नाव सांगत नाही, कारण त्या मंडपातल्या लोकांची नातवंडं अजून मला वाटेत दिसली की वाकून नमस्कार करतात. मी तिथे प्राथमिक शाळेत शिकवत होते. किती गोड गाव होतं ते. केळीचा घड उतरला की पहिली फणी माझ्या ओट्यावर यायची, आजारी पडले तर तीन घरांतून डबे यायचे. अशा शहाण्यासुरत्या गावाला अकरा दिवसांत वेड लागलेलं मी पाहिलं आहे.

बाबांचं नाव धनवर्धन महाराज. लोक त्यांना वाढबाबा म्हणत. ते मूळचे कुठले, कोणाला ठाऊक नव्हतं. चमत्काराच्या वेळी ते हिंदीत बोलत. चहात साखर कमी पडली की मात्र त्यांचं मराठी स्वच्छ व्हायचं.

त्यांची रीत अशी. घरातलं सोनं आणायचं, मग ती पोत असो, अंगठी असो की फुटकी बाळी. आपल्याच शेतातली, सरकी काढलेली किलोभर रुई आणायची. ही लक्ष्मीची गादी. गादी शुद्ध हवी म्हणून ती आधी चुलीच्या धगीवर टोपलीत ठेवून कडक शेकायची. मग सोनं रुईच्या पोटात घालून वरून लाल कापड शिवायचं, गाठीवर लाख, लाखेवर बाबांच्या अंगठीचा शिक्का. सर्वांसमक्ष वजन करून गाठोडं देवळामागच्या कोठीत ठेवायचं, अकरा दिवस. कोठीत एकवीस घागरी पाणी भरून ठेवलेलं, जमिनीवर भिजवलेली पोती.

"लक्ष्मी कहाँ से निकली? समुद्र से," बाबा समजावून सांगत. "उसको ठंडक चाहिए. गरम घर में लक्ष्मी टिकती है क्या? तुम्हारे घर में टिकी?"

कोणाच्याच घरात टिकली नव्हती, तेव्हा सगळ्यांना पटलं.

कोठीचं कुलूप गावचं होतं आणि किल्ली सरपंच लीलाधर नानांच्या करगोट्याला. लबाडीला जागाच नाही, असं नाना सांगत. आत साधनेला बाबा आणि बन्सीलाल रोज चार तास बसत, तेवढं सोडून.

तोलून झाल्यावर बाबांनी शेवटची अट सांगितली. गाठोडी ज्याची त्याने घरी न्यायची, देव्हाऱ्यात ठेवायची, आणि दसऱ्याला उघडायची. त्याआधी लाख फोडली तर वाढलेलं सोनं मातीत परत जाईल, आणि आपलं होतं तेही सोबत नेईल.

"पाह्य, केवढा निर्लोभी माणूस," नाना मला म्हणाले. "ज्याची लक्ष्मी त्याच्या घरी. स्वतःले गुंजभर बी ठेवली नाही."

संध्याकाळपर्यंत गाव श्रीमंत झालं होतं. दुकानदार रुपचंदने दोन तोळ्यांचे तेरा झाले असं धरून मोटारसायकलीचा विसार दिला. निंबाने सालदारकी सोडली आणि मालकाला सांगितलं की आता तूच माझ्याकडे ये. माणसं श्रीमंत होतात ती कशी, हे त्या दिवशी मला कळलं. आधी चाल बदलते. बाकीचं यायचं असतं, पण त्याची कोणी वाट पाहत नाही.

फक्त चुडामणभाऊंच्या घरात चूल पेटली नव्हती.

त्यांची मुलगी कोकिळा माझी विद्यार्थिनी. जळगावला नर्सिंगच्या वर्गात तिचा नंबर लागला होता आणि फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती. आज गुरुवार. ही फी तिची आई बेबाबाई स्वतःची पोत सराफाकडे मोडून भरणार होती. दोन तोळ्यांची ती पोत बेबाबाईला तिच्या आईने दिलेली. चुडामणभाऊंनी ती मागून नेली ती अकरा दिवसांच्या बोलीवर. आता बोली दसऱ्यावर गेली होती.

मी गेले तेव्हा भाऊ देव्हाऱ्यासमोर गाठोड्याची राखण करत बसले होते.

"भाऊ, दसऱ्यापर्यंत तिची जागा दुसऱ्या मुलीला देतील."

"देऊ द्या ना बाई. तेरा तोळ्यांच्या बापाची पोरगी लोकांचे भांडे घासाले काबरं जाईल?"

"भांडी नाही घासत नर्स."

"मग काय घासते?" भाऊ हसले. मग गंभीर झाले. "तुमी शिकेल बाई आहे. मले एकच सांगा. वजन वाढलं का नाही? तुमच्या डोळ्यासमोर वाढलं का नाही?"

"वाढलं."

"कसं वाढलं?"

सोळा वर्षं मी मुलांना फळ्यावर शास्त्र शिकवत होते आणि एका शेतकऱ्याच्या दोन शब्दांपुढे हरले. कोकिळा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. ते पाहणं मला आजही बोचतं.

निघताना अंगणात झुंबरबाई भेटली. ती धुळ्याकडची, नवऱ्यामागे या गावात आलेली. दिवाळी ते उन्हाळा बोदवडच्या जिनिंग कारखान्यात रुई निवडायची आणि पावसाळ्यात निंदणीला जायची. भाऊ हातपाय धुवायला मागे गेले होते, तेवढ्यात तिने आत जाऊन गाठोडं सरळ उचललं. बेबाबाईने अडवलं नाही. झुंबरबाईने दोन्ही तळव्यांत ते दाबलं, गालाला लावलं, वास घेतला, आणि होतं तिथे ठेवून दिलं.

बाहेर येऊन ती मला हळूच म्हणाली, "बाई, हाई सोनं नही. हाई पानी शे."

"म्हणजे?"

"बारा वरीस रुई हातम्हा शे मनी. धगवर शेकेल रुई तहानेल व्हस. गार, वल्या खोलीम्हा ठेवा, ती हवामातलं पानी पेस. किलोले दहा-बारा तोळा सहज पेस. कापूसना सभावच शे तो."

मी तिथल्या तिथे ओट्यावर बसले. म्हणजे सोनं वाढलं नव्हतं, गादी वाढली होती. आणि मग दुसरी गोष्ट लख्ख दिसली. दोन तोळे काढून घेतले तरी वजन वाढलेलंच दिसणार. वाढलेल्या गाठोड्यातून काही गेलं असेल, असा संशय कोणाला येतो? चोरी लपवायला याहून सुरेख पांघरूण मी पाहिलं नाही.

"तू लोकांना सांगशील?"

"मी सांगसू तं कोन आयकी? निंदनारी बाई मी. करीसन दाखाडनं पडी."

बाबा शनिवारी दुपारच्या गाडीने जाणार होते, त्याआधी भंडारा. आम्ही त्याच गुरुवारी संध्याकाळी माझ्या चुलीवर किलोभर रुई शेकली. झुंबरबाईने तिच्यात आपली पितळी पळी घातली आणि वर लाल कापड शिवलं. रुपचंदच्या दुकानात जाऊन तिने ते तोलून घेतलं आणि आकडा त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतला. रुपचंदला वाटलं, हिच्याकडेही सोनं निघालं. मग ते गाठोडं माझ्या न्हाणीत गेलं, भोवती भरलेल्या बादल्या, खाली ओलं पोतं. मी दोन दिवस शेजारणीकडे अंघोळीला गेले.

शनिवारी सकाळी भंडाऱ्याची पंगत बसायच्या आत झुंबरबाई मंडपात शिरली.

"बाबा, मनं बी गठुडं तोला."

बन्सीलालने बाबांकडे पाहिलं. बाबांना धोका कळला असावा, पण चारशे माणसं बघत होती. "ये हमारी मुहर का नहीं है," ते म्हणाले.

"मुहर नही ते नही. तराजूले मुहर लागस का?"

लोक हसले. नानांनी स्वतःच तराजू उचलला. रुपचंदने गुरुवारचा कागद वाचला आणि वजन झालं. साडेआठ तोळे वाढ.

झुंबरबाईने सर्वांदेखत टाके उसवले, रुई बाजूला केली आणि पळी वर धरली.

"हाई मनी पळी. परवा एक व्हती, आज बी एकच शे. साडेआठ तोळा कोन वाढनं? हिले पिल्लं व्हयनात का?"

आता हसू थांबेना. बाबा उठून उभे राहिले. पाप, नरक, लक्ष्मीचा कोप, सगळं एका दमात बोलले, आणि घाईत निम्मं मराठीत बोलले.

झुंबरबाई त्यांच्याकडे पाठ करून गावाकडे वळली. "आनि तुम्ही बठ्ठा गाववाला. कापूस खरेदीले नेतस तवय गाडीवर पान्याना हात कोन मारस? वजन वाढाले पाहिजे म्हनीसन? ग्रेडर गाडीम्हा हात घालस, तवय मायनी आन घेतस, कापूस कोरडा शे म्हनीसन. तुमना पानी पिनारा कापूस बाबानं पानी पेवाव नही का?"

माना खाली गेल्या. चुडामणभाऊंची तर सर्वांत आधी, कारण आदल्याच हंगामात त्यांची गाडी ओली निघाली म्हणून परत आली होती. साऱ्या जगात ही युक्ती कोणाला आधी कळायला हवी होती, तर याच माणसांना. पण आपण दुसऱ्याला जी टोपी घालतो ती आपल्या डोक्यावर आली की माणसाला मुकुट वाटते.

"मग उघडा एखादं," मी म्हणाले. "तुमच्यातलंच एक."

कोणी हललं नाही. युक्ती कळली होती, तरी आत कुठेतरी तेरा तोळे चमकत होते. आणि उघडल्याने खरंच सगळं मातीत गेलं तर? चुडामणभाऊंचं गाठोडं भंडाऱ्याच्या पूजेसाठी मांडीवरच होतं. त्यांनी ते छातीशी धरलं.

बायकांमधून बेबाबाई उठली. मी तिला चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"द्या इकडे."

"दसऱ्यापर्यंत दम धर व. सगळं जाईल."

"मले वाढेल नको. माह्या मायनं दिली तेवढीच पाहू द्या."

भाऊंचे हात सैल पडले. तिने भाजी चिरायच्या विळीवर लाख फोडली, कापड फाडलं आणि रुई मुठीमुठीने काढून जमिनीवर ठेवत गेली. शेवटच्या मुठीत दोन खडे निघाले, नदीतले, गुळगुळीत.

बेबाबाई रडली नाही. खडे हातात घेऊन ती बाबांकडे बघत राहिली. तेवढ्यात बन्सीलाल विभूतीचा पत्र्याचा डबा काखेत मारून मागच्या दाराने निघाला. निंबाने त्याचं धोतर धरलं आणि डबा फरशीवर आदळला. राख उडाली. राखेतून गळ्यातल्या पोती, बाळ्या, अंगठ्या बाहेर पडल्या. गावचं कुलूप, सरपंचाची किल्ली, पण शिक्का बाबांचा, लाखही त्यांचीच आणि बंद खोलीत रोजचे चार तास. लाख किती वेळा फुटली आणि किती वेळा पुन्हा लागली, ते विचारायला कोण होतं?

पुरुष बाबांना आणि बन्सीलालला बदडण्यात गुंतले. बेबाबाई राखेत बसली आणि आपली पोत शोधून काढली. पदराने पुसली.

"हात लावू नका," नाना ओरडले. "पोलीस येऊ द्या, पंचनामा व्हायचा आहे."

"तुमचा करा पंचनामा," बेबाबाई म्हणाली. "माही पोरगी सोमवारी जळगावले उभी राह्यली पाहिजे." आणि कोकिळेचा हात धरून ती पायीच बोदवडच्या सराफाकडे निघाली. मी घरी जाऊन शाळेचे दाखले पिशवीत घातले आणि त्यांना फाट्यावर गाठलं. चुडामणभाऊ आमच्या मागून येत होते, वीस पावलांचं अंतर ठेवून. त्यांना कोणी बोलावलं नाही आणि कोणी परतही पाठवलं नाही.

बाकीचं सोनं मुद्देमाल म्हणून जमा झालं आणि कोर्टातून सुटायला सहा वर्षं लागली. यापेक्षा मजेची गोष्ट पुढे आहे. चार घरांनी त्या दिवशी आपली गाठोडी उघडलीच नाहीत. बाकीच्यांचं खोटं असेल, आपलं खरं असेल, असं म्हणून दसऱ्यापर्यंत धूप घातला. दसऱ्याला खडे निघाले, तेव्हा म्हणाले, झुंबरबाईच्या पळीने विटाळ केला.

कोकिळा तीन वर्षांनी नर्स झाली आणि धुळ्याच्या दवाखान्यात लागली. रोज आठ तास उभी राहिली, महिन्याच्या महिन्याला पगार आणला, बापाच्या विहिरीवर मोटर बसवली, धाकट्याला शिकवलं. पंधरा वर्षांत ते घर गावातल्या सुखवस्तू घरांत मोजलं जाऊ लागलं. सामान्य माणूस पैसेवाला होतो तो असाच, आणि त्यात पाहण्यासारखं काही नसतं म्हणून त्याला गर्दी जमत नाही.

गर्दी जमते ती फुकटच्या वाढीला. तेव्हा कापूस होता, आज दुसरं काही असेल. माझं मागणं लहान आहे. वाढ दाखवणारा दारात आला तर त्याला नमस्कार करू नका, शिव्याही देऊ नका. एवढंच म्हणा, उघडून दाखव, आत्ता, माझ्या समोर. तो तारीख सांगू लागला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.