आण्णासाहेबांच्या जीपची बॅटरी

मंगळवारी येडाईचं दर्शन घेऊन उतरल्यावर आण्णासाहेबांची जीप डोंगराखालीच अडून बसली. चार गड्यांनी ढकलत ती सडकेवरच्या गफार मिस्त्रीच्या छपरापुढं आणली. ही तिसरी खेप. दसऱ्याच्या आधी त्यानंच सोलापूरहून नवी बॅटरी आणून या जीपला बसवली होती, आणि महिनाभर तिनं नुसता छळ मांडला होता. हणमंतप्पाच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर डायनामो जोडून रात्रभर भरावी, तर दुसऱ्या दिवशी गाडी जरा कुठं उभी राहिली की बॅटरी रिकामी. फुटक्या घागरीत पाणी भरल्यागत.

बरं, नुसती बॅटरी रिकामी झाली असती तर गफारनं सोसलं असतं. पण हणमंतप्पाच्या तोंडाला कुणी टोपण बसवलं होतं? दळण घ्यायला येईल त्याला तो सांगत सुटला होता, की मिस्त्रीनं नव्या प्लेटा काढून घेतल्या आणि आत जुन्या भरल्या. त्यानं बघितलं होतं काय? काही न्हाय. पण पिठासंगं ती गोष्ट घरोघर गेली, आणि भाकरीसंगं लोकांनी खाल्लीसुद्धा.

गफार निजामाच्या अमलात मोटारखात्याच्या कारखान्यात शिकलेला. राज्य गेलं, खातं गेलं, नोकरी गेली. पोलीस ॲक्शननंतर त्याचे दोन भाऊ हैदराबादेत जाऊन राहिले, हा मात्र येरमाळ्यात छप्पर टाकून बसला. जवळ होतं काय तर हात आणि नाव. "गफार मिस्त्री फसवायचा न्हाय," एवढ्या एका वाक्यावर त्याच्या घरात तेरा वर्षं चूल पेटत होती. तेवढं वाक्य गेलं की मग त्याच्या बायकोनं, फरिदाबीनं, चुलीत काय हात घालायचे?

म्हणून त्यानं सगळ्यांच्या देखतच तपासायचं ठरवलं. आण्णासाहेब बाजेवर बसले. निवडणूक तोंडावर आलेली आणि ते स्वतः उभे, त्यामुळं त्यांच्यामागं दहा-पंधरा माणसं कायमचीच. हणमंतप्पाही गिरणी सोडून येऊन उभा राहिला. जीपच्या पुढच्या सीटवर आण्णासाहेबांची आई धुरपताबाई मांडीवर प्रसादाचं ताट घेऊन बसली होती. म्हातारी भाबडी. गफारला लेकरा म्हणूनच हाक मारायची.

गफारनं आपल्याकडची भरलेली बॅटरी तात्पुरती जोडली आणि हँडल मारून गाडी चालू केली. काटा भरतीकडं गेला, म्हणजे डायनामो ठीक. गाडी बंद करून त्यानं त्या बॅटरीची वायर सोडली आणि बॅटरीच्या खिळ्याला परत नुसती टेकवून बघितली. ठिणगी न्हाय, म्हणजे वीज वाटेत कुठं गळत नव्हती. दुखणं जीपच्या बॅटरीच्याच पोटात होतं. हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, आणि हणमंतप्पा लोकांकडं बघून हसला.

बॅटरीला तीन घरं. गफारनं तिन्ही टोपणं काढली आणि काचेच्या पिचकारीनं एकेका घरातलं तेजाब ओढून बघितलं. पहिल्या घरात पिचकारीतला तरंगता बोंडा वर आला, म्हणजे ते घर भरलेलं. तिसऱ्यातही आला. मधल्या घरात तो तळाला जाऊन बसला, उठेचना. वर ते तेजाब गढूळ, तांबूस.

त्यानं विजेरी जवळ नेऊन आत बघितलं आणि बांबूच्या चिमट्यानं मधल्या घरातून एक चकती बाहेर काढली. पाण्यात धुतली, तळहातावर ठेवली. काळा पडलेला, कडेनं झिजलेला, पण नवा पैसाच तो. प्लेटांच्या डोक्यावर आडवा पडून त्यानं भरलेली सगळी वीज आतल्या आत खाल्ली होती.

गफारला क्षणात सगळं उमगलं. खंडेनवमीला तो आण्णासाहेबांच्या वाड्यावर बॅटरीत पाणी घालायला गेला होता. हे काय पाजतोस, म्हणून धुरपताबाईनं विचारलं, तेव्हा तो गमतीनं म्हणाला होता, आई, हिलाबी तहान लागती. तेवढ्यात पुरणपोळी जेवायला हाक आली, आणि टोपणं उघडी ठेवून तो पंगतीला बसला. इकडं गाडीची पूजा झाली. ज्या गाडीला तहान लागती, तिला म्हातारी येडाईचं तीर्थ पाजल्याशिवाय राहील होय? आणि तीर्थासंगं पैसा तर आलाच.

तरी त्याला मनातून आनंदच झाला, खोटं कशाला बोला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? प्लेटा नव्याच्या नव्या होत्या, त्या त्यानं एकेकाला वाकून बघायला लावल्या. आण्णासाहेबांनी पैसा बघितला आणि मग आईकडं बघितलं. धुरपताबाईचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "खंडेनवमीला म्याच..."

"आई, तू गप बस," आण्णासाहेब म्हणाले. मग गफारचा दंड धरून ते त्याला छपरामागं घेऊन गेले.

तिथं ते हळू आवाजात बोलले, अगदी आपुलकीनं. "मिस्त्री, मला कळलं सगळं. तुझ्यावर माझा काडीचा संशय न्हाय. पण येडाईच्या तीर्थानं गाडी बिघडली, हे तुझ्यासारख्याच्या तोंडून गावात गेलं तर काय होईल? मला लोक आवरायचे न्हाईत."

तुझ्यासारख्याच्या. तेरा वर्षं ज्याच्या गाडीखाली पाठ घासली, त्या माणसाचा हा शब्द. गफारला संताप आला, इतका की हातातला चिमटा फेकून मारावा. पण छपराच्या फटीतून त्याला फरिदाबी दिसली. ती मागच्या दारात गहू निवडत बसली होती. त्यानं चिमटा खिशात ठेवला.

पुढं येऊन तो म्हणाला, "पैसा माझ्या खिशातून पडला. टोपणं उघडी ठेवून जेवाय गेलतो. चूक माझी."

हणमंतप्पानं मी सांगितलं नव्हतं का, म्हणून हात उडवले. त्यानं प्लेटांचं सांगितलं होतं, पैशाचं न्हाय, पण ते कोण विचारतंय? वड्याचं तेल वांग्यावर निघालं की लोकांना वांगंच गोड लागतं. आण्णासाहेबांनी भरल्या मनानं मिस्त्रीला माफ केलं. नवी बॅटरी आपण बार्शीहून आणू आणि तिथल्याच माणसाकडून बसवून घेऊ, असंही त्यांनी सांगितलं. माणसांनी माना डोलावल्या. आण्णासाहेबांचं काळीज किती मोठं, यावर दोघं-तिघं बोललेही. गाडीत पाणी घालून घ्यायला थांबलेला परंड्याचा एक ट्रकवाला तसाच निघून गेला.

गड्यांनी जीपला हात लावले, तेव्हा धुरपताबाईनं गफारला जवळ बोलावलं. तिच्या तोंडावर रंग परत आला होता. ताटातला खोबऱ्याचा तुकडा तिनं त्याच्या तेजाबानं भाजलेल्या हातावर ठेवला.

"जिवाला घोर लागला होता बघ, लेकरा. मला वाटलं, माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली. "म्हंजी माझा पैसा देवीला पोचला. ह्यो तुझा व्हता."

"व्हय, आई," गफार म्हणाला.