मागे अजून एक

वळणावर समोरून मोटरसायकलींचा आवाज आला, तशी वेंडेलने आपली उघडी चारचाकी मोटरबग्गी कडेच्या झुडपात घातली आणि थांबवली. पहिला स्वार लाल हेल्मेटवाला होता. त्याने डावा हात उचलून दोन बोटं दाखवली. म्हणजे मागे दोघे आहेत. दुसऱ्याने एक बोट दाखवलं. तिसऱ्याने नुसती मूठ वळून दाखवली, माझ्यामागे कुणी नाही. डोंगरातल्या या अरुंद वाटांवर पाळायचा शिष्टाचार एवढाच. आंधळ्या वळणावर कुणी कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

वेंडेलनेही हात वर केला. एक बोट.

मूठवाला थांबला. पाय टेकून खालच्या वळणाकडे बघत राहिला. बग्गी पुढे निघाली तरी तो तिथेच उभा होता.

"तो बिचारा वाट बघतोय अजून," शेजारच्या सीटवरून त्याची बायको लोरेटा म्हणाली.

"बघू दे."

डोंगरात गाड्या फिरवणाऱ्यांच्या क्लबातलं कुणी असतं तर थांबलं नसतं. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. डस्टिन लहान असल्यापासून बापाच्या मागेच गाडी चालवायचा, आणि वेंडेल समोरून येणाऱ्याला एक बोट दाखवायचा. पोरगा गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण बोट काही खाली आलं नाही. लोक बघत, मान हलवत आणि निघून जात. लोरेटाने इतक्या वर्षांत त्यावरून एक शब्द काढला नव्हता. आज काढला, नेमका आजच.

आजचा दिवस वेगळा होता. बर्फ वितळून आलेल्या पुराने ओढ्यावरचा पूल नेला आणि मोठी वाट दोन उन्हाळे बंद राहिली. क्लबाच्या खिशात पुलाची एक फळी येईल एवढेही पैसे नव्हते. मग राज्याच्या अनुदानासाठी अर्ज केला. सुनावणीला वेंडेल कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि अडखळत अडखळत बोलला. अनुदान मिळालं. पूल झाला, वाट उघडली, क्लबाने मक्याची कणसं भाजून जेवण केलं. पण सरकारी पैसा म्हटला की त्याला अटी आल्याच. लोकांनी परवानगीशिवाय पाडलेले सगळे फाटे बंद करायचे, असे की तिथे कधी वाट होती हेच कळू नये. जंगल खात्याच्या इबाराबाईंनी परवा क्लबात येऊन शेवटचा राहिलेला फाटा सांगितला. खडकाचा.

"तिथे यंत्र नको," वेंडेल म्हणाला होता. "मी करतो."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

खडकाचा फाटा डस्टिनने स्वतः पाडला होता, सोळाव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, हातातल्या कुदळीने. फाट्याच्या शेवटी एक सपाट कातळ होता, तिथून खाली सगळं तळं दिसायचं. त्याच कातळावरून पुढे त्याची गाडी कड्याखाली गेली. त्याची राखही तिथेच सोडलेली. पक्षाघातापासून लोरेटाचा उजवा पाय ओढला जायचा, काठीवर ती जेमतेम अंगणाच्या फाटकापर्यंत जाई. बग्गी जाते तिथवरच तिचं जग. फाटा बंद झाला की हे आजचं येणं शेवटचं. आणि हे तिला कसं सांगावं, याचा विचार करत वेंडेलने दोन रात्री छताकडे बघत काढल्या होत्या. शेवटी सकाळी म्हणाला, "चल, सहज जाऊन येऊ." मागे ताडपत्रीखाली करवत ठेवली होती.

फाटा नेहमीसारखा स्वच्छ होता. दर वसंतात मोठ्या वाटेआधी वेंडेल तो साफ करी. हिवाळ्यात पडलेली झाडं कापून बाजूला लावी, दगड उचली, पावसाचं पाणी जायला चर काढी. क्लबातले म्हणत, म्हाताऱ्याचा हा फाटा म्हणजे दिवाणखाना आहे.

कातळावर त्याने बग्गी थांबवली. लोरेटाने डबा उघडला. अंड्याचे सँडविच, आणि डस्टिनला आवडायची ती आंबवलेली काकडी. थर्मासमधली कॉफी दोघांनी एकाच झाकणातून घेतली. तळ्यावर वारा होता.

"अजून थोडी पुढे घे," ती म्हणाली.

"पुरे की. कड जवळ आहे."

"घे म्हणते ना."

त्याने घेतली. लोरेटाने काठीच्या टोकाने खाली दाखवलं. मातीत टायरचे अरुंद, ताजे माग होते, थेट कडेपर्यंत गेलेले. कडेला घसरल्याची खूण, आणि तिथून परत वळलेले.

"पोरं येतात," वेंडेल म्हणाला.

"येणारच. एवढी छान वाट दिसली की कोण सोडेल? गेल्या पानगळीत क्लबातल्या हॅनलीची मुलगी इथूनच पडली. दोन्ही मनगटं मोडली. तू म्हणालास, नशीब बिचारीचं."

झाकणातली उरलेली कॉफी त्याने ओतून टाकली.

"लोरेटा, तुला एक सांगायचं होतं."

"करवत बघितली मी. जंगलात जाताना करवतीवर पांघरूण घालायला कधीपासून लागलास?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते." तिने डब्याचं झाकण लावलं, ते नीट लागेना, पुन्हा लावलं. "त्या इबाराला तू सगळे फाटे फिरून दाखवलेस, हा एक सोडून. मी तिला फोन केला."

वेंडेल तिच्याकडे बघतच राहिला.

"तू?"

"मीच."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? तुला पुन्हा इथे येता येणार नाही, कळतंय का?"

"कळतंय. पाय माझेच आहेत."

तो बग्गीतून उतरला, चार पावलं गेला, परत आला. संतापाने त्याने एक दगड लाथेने कडेखाली उडवला.

"दर वसंतात तू करवत घेऊन निघतोस," लोरेटा म्हणाली, "आणि मी खिडकीशी बसून म्हणते, आज येईल आणि सांगेल, एक झाड होतं, तसंच पडून राहू दिलं. एकदा तरी सांगशील म्हणून. आपल्या पोराला मी परत आणू शकत नाही रे. दुसऱ्या कुणाचं तरी जाऊ नये."

"वाट बंद केली तर..." वेंडेल थांबला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग तो यायचा कुठून?"

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते. लोरेटाने तोंडावर हात घेतला. ती रडली, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. तो तिच्या गुडघ्याला धरून जमिनीवर बसला आणि तोही रडला. भरपूर रडला. डस्टिन गेला तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता, तेव्हा लोक होते.

निघताना तिने उरलेली काकडी कातळावर ठेवली.

"खारी खाऊन टाकतील," तो म्हणाला.

"खाऊ देत."

फाट्याच्या तोंडाशी कीड लागून वाळलेला एक पाइन उभा होता. वेंडेलने बग्गी लांब नेऊन लावली आणि करवत काढली. झाडाभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, वारा बघितला. वाटेवरून झाड काढायचं काम त्याने जन्मभर केलं होतं, वाटेवर पाडायचं कधीच नाही. खाच घेतली. मग मागून कापायला लागला. झाड करकरलं आणि नेमकं आडवं पडलं. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मग बग्गी जवळ आणून लावली. पुढे त्याने दगड गडगडवत आणले, फांद्या उभ्या खोचल्या, कुदळीने टायरचे माग मोडले. लोरेटाने काठीने झाडांखालची पाइनची सुईसारखी वाळकी पानं दाखवली.

"तिथे अजून टाक. तिथे माती दिसते."

त्याने ओंजळी भरभरून पाइनच्या सुया पसरल्या. दोन-तीनदा ती म्हणाली, अजून. मग म्हणाली, बस. आता तिथे काहीच नव्हतं. पडलेलं एक झाड होतं, जंगलात असतात तसं.

परतीच्या वाटेवर पुलाच्या अलीकडे खालून एक टोळकं वर येताना भेटलं. वेंडेलने बग्गी कडेला घेऊन थांबवली. पुढे एक बाई होती, तिने तीन बोटं दाखवली.

वेंडेलचा हात सवयीने वर गेला. एक बोट.

लोरेटा समोर बघत होती. बाई पुढे गेली. दुसरा गेला. बोट हवेतच होतं. तिसरा आला. बोट हळूहळू खाली वाकलं आणि मुठीत गेलं. अंगठा त्यावर आला.

शेवटी एक पोरगेलासा स्वार होता. त्याने मूठ दाखवली, वेंडेलची मूठ बघितली, मान हलवली आणि न थांबता वर निघून गेला. कशाला थांबेल?

आवाज वळणापलीकडे गेला तरी वेंडेलचा हात तसाच वर होता. खाली घ्यायचं त्याला सुचतच नव्हतं. लोरेटाने तो धरून खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. मूठ उघडायचा प्रयत्न तिने केला नाही.