जावईबापूंनी लावलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. शर्यतीच्या गाडीत माणसाला खुर्चीशी आवळून धरतात ना, तो लाल पट्टा. खांद्यांवरून येणाऱ्या माझ्या दोन पट्ट्या, कमरेच्या दोन, मांड्यांमधून वर येणाऱ्या दोन, आणि पोटावर त्या सगळ्यांना एकत्र धरणारं एक गोल कुलूप. मोठ्यानं बोलणार नाही. अंगात त्राण उरलेलं नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखंही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मागावर विणलं, रंगवलं, आणि शिलाई विभागातल्या एका बाईंपुढे टाकलं. त्या प्रत्येक शिवण पूर्ण झाली की दोन्ही हातांनी खसकन ओढून बघायच्या आणि मगच पुढे सरकवायच्या. माझ्याच ताग्यातला एक भाऊ तपासणीच्या यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढला गेला. तो तुटल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हाच कळलं, की आमच्या जातीला आयुष्यात एकदाच काम असतं. गाडी आदळली की आम्ही थोडे ताणले जातो, माणसाचा वेग आमच्या अंगात घेतो, आणि तिथे आमचं संपतं. मग कापून टाकायचं, पुन्हा कुणाला बांधायचं नाही. सोबतच्या कागदावर हे छापलेलं असतं. तो कागद कुणी वाचत नाही.

मला घरी नेलं दातांच्या डॉक्टरांनी. चाळीस वर्षं लोकांच्या दाढा काढून ते निवृत्त झाले होते आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात एक जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेऊन आले होते. त्यांच्या बायकोनं गाडी बघितली आणि इतकंच विचारलं, "अहो, भाजी कुठे ठेवायची यात?"

डॉक्टरांबरोबर त्यांचे जावई होते. पाणीपुरवठा खात्यात पंपांचे नकाशे तपासायचं काम करायचे. माणूस नेक आणि हातांना काहीतरी खटपट हवी असलेला. पण सासरे-जावयाचं कधी जमलंच नव्हतं. लग्नाला डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं होतं, ती अढी दोघांच्या मनात राहिली होती. सहा वर्षांत त्यांचं बोलणं "काय, कसं काय?" आणि "ठीक" याच्यापुढे गेलं नव्हतं. लेक मधे बसून दोघांची भाषणं एकटीच करायची.

माझ्यामुळे ते बदललं. "बाबा, पट्टा मी लावून देतो," जावई म्हणाले, आणि दोन रविवार घराच्या गॅरेजमध्ये दोघं गुडघ्यांवर बसून होते. खुर्ची काढली, गालिचा उचलला, बोल्टना तेल घातलं. जावई पाना मागायचे, डॉक्टर चिमटा द्यायचे, कारण त्यांच्या हाताला तीच सवय. दुसऱ्या रविवारी दुपारी तर दोघं हसले. कशावर ते विचारू नका, एक वॉशर घरंगळत गेला होता एवढंच. लेक दारात उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

पण इथंच घोडं पेंड खात होतं. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या खुर्चीमागे सरळ जायला हव्यात, खांद्यांच्याच उंचीवर, आणि तिथे एक आडवी लोखंडी नळी बसवून तिला अडकवायला हव्यात. त्यासाठी गाडीला भोकं पाडावी लागतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "माझ्या गाडीला एकही नवीन भोक पडता कामा नये." मग जावयांनी खुर्चीमागे जमिनीत कारखान्यानंच केलेली दोन आयती भोकं शोधून काढली आणि माझ्या पट्ट्या खांद्यावरून मागे नेऊन खाली जमिनीला आवळल्या. बोल्ट असे घट्ट, की दोघांनी मिळून पाना ओढला. काम सुबक झालं होतं. फक्त चुकीचं झालं होतं.

असा पट्टा माणसाला मागे धरत नाही. गाडी आदळली की तो खांदे खाली दाबतो, आणि खाली असतो पाठीचा कणा.

मी काय करणार? मी विणलेलं सूत. जावयांनी डॉक्टरांना बसवून माझं कुलूप लावलं, तेव्हा बायको बघायला आली होती. "आता बाळासारखं उंच खुर्चीत बांधून भरवायचं का तुम्हाला?" ती म्हणाली. डॉक्टर आतून म्हणाले, "जावईबापूंचं काम बघ आधी!" जावयांची छाती फुगली. त्यांना त्या घरात 'जावईबापू' असं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं गेलं.

दोन आठवड्यांनी गाडी सायलेन्सरच्या कामाला वेल्डिंगवाल्याकडे गेली. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे भिंगवाले म्हणत. त्यानं खुर्चीमागे हात घातला, माझी पट्टी खालपर्यंत चाचपली आणि थांबला.

"डॉक्टरसाहेब, हे कुणी केलं?"

"आमच्या जावयांनी. का?"

"मोडून टाका. आपटलात तर मणक्याचा चुरा होईल. अर्ध्या दिवसात नळी बसवून देतो."

डॉक्टर हुशार माणूस. हाडांचं त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांना सगळं समजलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. माझ्यावरून हात काढून घेतला त्यांनी. पण म्हणाले काय, तर "पुढच्या महिन्यात बघू. आत्ता काढलं तर त्यांना वाईट वाटेल हो."

चाळीस वर्षं या माणसानं खुर्चीत बसवलेल्या लोकांना तोंडावर सांगितलं होतं, ही दाढ गेली, ही काढावीच लागेल. कुणाची भीड ठेवली नाही. आणि घरात मात्र मूग गिळून बसले.

पुढचा महिना आला नाही. पाच महिने गेले. दर रविवारी सरावाच्या ट्रॅकवर जायचं, फाटकावरचा माणूस मला एक हिसका द्यायचा, "पट्टा आहे, जा" म्हणायचा, आणि डॉक्टर निघायचे. मला आवळताना दर वेळी क्षणभर थांबायचे. एकदोनदा खांद्यावरची पट्टी मुद्दाम सैल ठेवून बघितली त्यांनी. जणू तेवढ्यानं भागणार होतं. मी मात्र प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून असायचो. ज्याला वाचवायचं त्याचीच भीती वाटावी, याच्यासारखा थकवा नाही. तुम्ही कधी आजाऱ्याच्या उशाशी नुसते बसून राहिला असाल तर तुम्हाला कळेल.

मग एका रविवारी वळणावर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलेलं होतं. गाडी घसरली आणि ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीत नाकानं घुसली. फार वेगात नाही. पण मी ताणला गेलो, माझ्या शिवणी करकरल्या, डॉक्टरांचं डोकं काचेपासून हातभर अलीकडे राहिलं. आणि त्याच क्षणी मी त्यांचे दोन्ही खांदे खाली दाबले. त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो.

एक मणका चेपला. चालता येईल, पण वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि गाडी चालवायची तर नाहीच.

पुढचं मी गॅरेजमध्ये पडल्या पडल्या ऐकलं. दवाखान्यात जावई पलंगाशी रडत बसले होते, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "तुमच्या पट्ट्यानं वाचलो, जावईबापू." झालं. जावयांनी ते ऑफिसात सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, गाडीचं नाक सरळ करायला आलेल्या पत्रेवाल्यालाही सांगितलं. त्याच्यासमोर माझ्या पट्टीवर हात फिरवून म्हणाले, "हा माझ्या हातचा." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाडी दुरुस्त झाली. डॉक्टरांनी ती लेकीला दिली. तिलाही वेगाचं वेड बापाचंच. जावयांनी मला बादलीत धुतलं, दोरीवर वाळवलं आणि म्हणाले, "हाच पट्टा लावायचा. बाबांना यानं वाचवलंय, तुलाही वाचवेल." पुढच्या रविवारी ती ट्रॅकवर जाणार होती.

त्या दिवशी ती आत बसली. जावई खुर्चीमागे पाना घेऊन वाकले आणि त्याच दोन भोकांत त्यांनी बोल्ट घातले. मी एकदा ताणला जाऊन संपलेला, चुकीच्या जागी बांधलेला, आणि आता या पोरीच्या खांद्यांवर. तिनं कुलूप लावलं. टक् आवाज आला.

"उतर," दारातून आवाज आला.

डॉक्टर होते. कमरेला दवाखान्यातला आधाराचा पट्टा, हातात काठी. गॅरेजपर्यंतच्या चार पायऱ्या त्यांनी एकट्यानं उतरल्या होत्या.

"बाबा, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना..."

"आधी उतर तू. मग बोलू."

ती उतरली. डॉक्टर जावयांकडे वळले. "हा चुकीचा लागलाय. पहिल्या दिवसापासून."

जावई हसले. "काहीतरीच काय बाबा! तुम्हीच म्हणालात, यानं वाचवलं."

"काचेपासून वाचवलं, ते खरं. पण मणका यानंच मोडला. पट्टी सरळ मागे जायला हवी, ही खाली ओढते. भिंगवाल्यांनी मला आधीच सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही लावल्यावर दोन आठवड्यांनी."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. जावयांच्या हातात पाना तसाच होता. "आणि तुम्ही तसेच बसत होतात यात? पाच महिने?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता मला काय वाटत असेल, बाबा?"

जावई खाली फरशीवर बसले. मग त्यांनी बोल्ट सोडवले, कात्री मागितली आणि मला कापायला घेतलं. माझी वीण चिवट, कात्री सरकेना. लेक म्हणाली, "मी कापते." ते "नको" म्हणाले आणि एकेक धागा तोडत राहिले. डॉक्टर काठीवर रेलून शेवटपर्यंत उभे होते. मला दुखलं नाही. खरं सांगू? किती महिन्यांनी मी सैल झालो होतो.

पुढचा रविवार जावई आले नाहीत. त्याच्या पुढचाही. लेक एकटी यायची आणि लवकर जायची. भिंगवाल्यांनी येऊन नळी बसवली, नवा पट्टा सरळ लावला, पण गाडी कुणी बाहेर काढली नाही. मी गॅरेजमधल्या खोक्यात तुकडे होऊन पडलो होतो आणि वाटत होतं, की खरं बोलूनही शेवटी घर तुटलंच.

माणसांनो, मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो. तुम्ही कशासाठी राहता? आपल्या माणसाचं चुकलं तर त्याला त्याच दिवशी सांगा. रुसेल तो. रुसू दे, जेवायला बोलावलं की येईल. पण त्याचं मन राखायला म्हणून त्याच्याच हातून घडलेलं संकट खांद्यावर घेऊन फिरू नका. ते ओझं मी वाहिलंय. मी तर चांगल्या सुताचा होतो, तरी मला झेपलं नाही.

काल तिसरा रविवार. जावई आले. गॅरेजमध्ये डॉक्टर नुसतेच खुर्ची टाकून बसले होते. जावई म्हणाले, "तुमच्या पाठीचा एक्स-रे बघायचाय मला."

डॉक्टरांनी घरातून मागवून घेतला. जावयांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि एका मणक्यावर बोट ठेवलं.

"हा?"

"त्याच्या खालचा."

जावई खूप वेळ बघत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "दुखतं का अजून?"

डॉक्टर नेहमीसारखं "छे छे" म्हणणार, असं मला वाटलं.

"हो," ते म्हणाले. "फार दुखतं."

जावयांनी एक्स-रे खाली ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसले. एवढं बघितलं आणि माझा डोळा लागला. आता मला उठवू नका.