वाढवलेला वेग

पडद्यावर बाबूलालअप्पांनी माइक हातात घेतला, हात जोडले, बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांचा अर्धा चेहरा हिरव्या चौकोनांत फुटला. उरलेलं तोंड हलत राहिलं.

विजयश्रीनं माऊसवरचा हात झटकन मागं घेतला. क्षणभर तिला वाटलं, आपल्यालाच भोवळ आली. तिनं दुसरी क्लिप उघडली. मंगल परिणयाचा मंडप, पांढऱ्या साडीतली नवरी पंचशीला, बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्त्या, आणि मधेच हिरवा पट्टा, तुटलेलं चित्र, मग पुन्हा सगळं ठीक.

विजयश्री बीदरजवळच्या चिटगुप्प्यात घरी बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. शूटिंग नवऱ्याचं, हरिओमचं. पंचशीलाच्या लग्नाचं कामही या दोघांनीच केलं होतं. आणि लग्नाला पुरता आठवडा होत नाही तोवर पंचशीलाचे वडील, बाबूलालअप्पा, चालत्या कामावर छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. गवंडीकाम करणारा माणूस. फोटो काढायचा म्हटलं की हळूच मागं सरकायचा. त्यामुळं घरात त्यांचा आधारकार्डावरचा फोटो सोडला तर काही नव्हतं. त्यांचा आवाज, त्यांचं चालणं-बोलणं जे काय जगात उरलं होतं, ते विजयश्रीच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

हा कॉम्प्युटर तिचा जीव की प्राण. जुन्यावर एका लग्नाचा व्हिडिओ बाहेर काढायचा म्हणजे पंखा रडायचा आणि तीही. म्हणून तिनं रात्रंदिवस वाचून, व्हिडिओ बघून एकेक पार्ट स्वतः निवडला. ज्याचा वेग वाढवता येतो असा प्रोसेसर, त्याला झेपेल असा मदरबोर्ड, मोठा कूलर. बीदरच्या दुकानात महेशकुमारनं पार्ट काढून ठेवता ठेवता बजावलं होतं, "अक्का, रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतल्या घ्या. जुनी अन् नवी मिसळू नका."

तिनं मिसळली. जुन्या मशीनमधली पट्टी चांगली होती, टाकून कामून द्यायची? मग लग्नसराई अंगावर आली तसं तिनं बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरचा वेग वाढवला, रॅमही कंपनीनं सांगितल्यापेक्षा जास्त वेगावर टाकली, व्होल्टेज थोडं चढवलं. मशीन चालू झालं. व्हिडिओ भराभर निघायला लागले. वेग वाढवल्यावर मशीन रात्रभर चालवून करायची तपासणी तिनं अर्ध्या तासात उरकली. नंतर दोनदा मशीन आपोआप बंद पडलं तेव्हा तिनं डोक्यावरच्या पत्र्यांना दोष दिला. मे महिना होता, पत्रे तापले की खोलीत उभं राहवत नव्हतं.

तिनं हरिओमला फोन लावला. तो बीदरला दुसऱ्या लग्नात होता, मागं बँड वाजत होता.

"अहो, पंचशीलाच्या लग्नाचं मेमरी कार्ड कुठं हाय?"

"कॅमेऱ्यात हाय की. कामून?"

"म्हणजे... पुसलं?"

"तूच म्हणलीस ना कॉपी झालं म्हणून? फॉरमॅट करून लावलं. सकाळपास्नं त्याच्यावरच शूटिंग चालू हाय. काय झालं?"

"काही न्हाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आता दुसरी प्रत कुठंच नव्हती.

दारात मोटरसायकल थांबली. पंचशीलाचा थोरला भाऊ राजपाल आला होता, मागं पंचशीला. ती अजून सासरी परतली नव्हती.

"अक्का, रविवारी अप्पांचं पुण्यानुमोदन हाय, त्यांच्या आठवणीला सगळे जमणार," राजपाल उंबऱ्यातूनच म्हणाला. "आई म्हणायलीय, त्यांचं भाषण सगळ्यांना ऐकवायचं. तेवढंच काढून द्या. बाकीचं मागून चालतंय."

विजयश्री दार अडवून उभी राहिली. मागं पडद्यावर ते अर्धं तोंड तसंच थांबलेलं होतं. यांनी पाहिलं तर? तिनं पदर सावरायच्या निमित्तानं दार आणखी लोटून घेतलं.

"काम लागलंय मशीनवर," ती म्हणाली. आवाज आपला नव्हेच असं तिला वाटलं. "मधे थांबवता येत न्हाई. बसा, पाणी आणते."

"एक मिनिटभर नुसतं बघू द्या न, अक्का," पंचशीला हळू म्हणाली. "मला त्यांचा आवाज आठवंना झालाय. झोपताना लई प्रयत्न करते, येतच न्हाई."

विजयश्रीनं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत येऊन कडी लावली.

तिनं पुन्हा भाषणाची क्लिप लावली. या खेपेला चेहरा स्वच्छ होता. हिरवे चौकोन आले ते पुढं, मागच्या कमानीवर. ती पुढं वाकली. पुन्हा लावली. आता चौकोन माइकवर. फाइलच खराब असती तर डाग एकाच जागी दिसला असता. डाग जागा बदलत होता म्हणजे खोट फाइल वाचणाऱ्या मशीनमध्ये होती, त्या वाढवलेल्या वेगाच्या रॅममध्ये. फाइल कदाचित धड होती.

कदाचित. कारण कॉपीही याच मशीननं केली होती.

आणि तेवढ्यात तिला दुसरी भीती शिवली. हे मशीन आता जे काही डिस्कवर लिहील ते चुकीचं लिहील. तिनं काहीही सेव्ह न करता मशीन बंद केलं. केसचं झाकण काढलं, जुनी पट्टी उपसली, बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून मशीनला सगळ्या सेटिंग विसरायला लावल्या, सेल परत बसवला. मग बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

ती बघत राहिली. पंखे फिरत होते, दिवा जळत होता, पडद्यावर काही नाही. बाहेरून राजपालचा आवाज आला, "अक्का, झालं का?" तिला ओरडावंसं वाटलं. मशीन बंद करून तिनं उरलेली पट्टी काढली, पुसली, कट असा आवाज होईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबताना तिनं डोळे मिटून घेतले.

बारीक बीप ऐकू आली.

मशीन चालू झालं, पूर्वीच्या संथ वेगानं. एकेक क्लिप ती उघडत गेली. मंडप स्वच्छ. मेणबत्त्या स्वच्छ. मग तिनं भाषण लावलं. बाबूलालअप्पा चाचरत बोलले, नातेवाइकांना हसवलं, माइक उलटा धरला, शेवटी "जयभीम" म्हणून खाली बसले. एकही डाग नाही. तिनं पुन्हा लावून बघितलं. तरीही नाही.

राहिली होती पाठवणी. अप्पा गाडीच्या खिडकीशी वाकले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चित्र फुटलं. तिनं मागं नेऊन परत लावलं. त्याच जागी फुटलं. परत. त्याच जागी. मशीन आता धड होतं. हा डाग कॉपी होतानाच कायमचा बसला होता.

तेवढा भाग कापून टाकला तर कुणाला कळलंही नसतं. हात माऊसकडं गेलाही. पण बाहेर ती पोरगी बापाचा आवाज आठवत बसली होती, आणि कापायचं झालं तर तिच्या डोक्यावरचा तो हातच कापावा लागणार होता.

तिनं कडी काढली.

"पंचशीला, राजपालअण्णा, आत या. आधी मला काही सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. राजपालचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुमच्या मशीनच्या हौसेपायी आमचे अप्पा..." तो तोंड फिरवून उभा राहिला. विजयश्रीनं मान खाली घातली.

"लावा," पंचशीला म्हणाली.

भाषण झालं. पंचशीला पदर तोंडाशी धरून हसली, रडली. मग पाठवणी. अप्पा वाकले, चित्र हिरव्या-काळ्या तुकड्यांत मोडलं. पण आवाज चालूच राहिला. गाडीच्या इंजिनाच्या घरघरीत तो खरखरीत, दबका आवाज म्हणाला, "जेवत जा वेळेवर. फोन कर."

राजपाल सावकाश वळला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"परत लावा," पंचशीला म्हणाली.

विजयश्रीनं परत लावलं, किती वेळा ते तिलाही आठवत नाही. दोघं बहीणभाऊ गेल्यावर तिनं सगळ्या क्लिप दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या आणि एकेक फाइल मुळाशी जुळवून बघितली. हरिओम घरी आला तेव्हा ती अजून तेच करत होती, आणि त्यानं मागून खांद्याला हात लावताच दचकून उभी राहिली.