अध्यक्षाचा आवाज

"अध्यक्ष मी हाओ का तू?" मनसाराम इतक्या जोरात ओरडला की तलावाच्या पाळीवर उभी असलेली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरली.

चंदा सरली नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं टेम्पोकडे हात केला. "भाऊ, पिशव्या तापून राह्यल्या. पिल्लं वर येऊन तोंडं वासून राह्यले. निदान पिशव्या तरी पाण्यात तरंगत ठेवू द्या. नेते आले का मंग काढजा फोटो."

"आन् वरचे फोटो भिजले तं? गप ऱ्हाय."

पिशव्यांवर पिल्लं सोडायला येणाऱ्या नेत्याचे, गुणवंतरावांचे, हसरे फोटो चिकटवले होते. आत रोहू आणि कतला माशांची बोटभर पिल्लं. वर्षभराची मासोळी या पिल्लांवर. प्राणवायू भरून आणलेली बंद पिशवी आधी अर्धा तास तलावात तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार झालं की मगच तिचं तोंड सोडायचं, नाहीतर पिल्लं मरतात, हे मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सावलीजवळच्या या गावच्या मच्छीमार संस्थेचा अठरा वर्षं अध्यक्ष असलेल्या मनसारामला ते कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण सकाळपासून त्याचं डोकं फिरलं होतं. राग होता तीन तास उशीर करणाऱ्या गुणवंतरावांचा. तो त्यांच्यावर काढायची हिंमत नव्हती, म्हणून चंदावर निघाला. राग असाच भित्रा असतो, आपल्यापेक्षा लहान माणूस बरोबर हुडकून काढतो.

गुणवंतराव आले ते पांढरे बूट घालून. चिखलात उतरलेच नाहीत. "आटपा लवकर. मले चामोर्शीले जा लागते."

"साहेब, अर्धाच तास," चंदा म्हणाली.

मनसारामनं तिच्या हातातली पिशवी हिसकावली, विळ्यानं गाठ कापली आणि पिल्लं तशीच तलावात ओतली. मग दुसरी, मग तिसरी, एकामागून एक सगळ्या. फोटो झकास आला. पाळीवरच्या पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाचं पाणी पांढरं दिसत होतं. मेलेली पिल्लं थराथरानं तरंगत होती आणि बगळ्यांना कोणती उचलावी कळत नव्हतं.

त्याच दुपारी संस्थेच्या टिनाच्या शेडमध्ये सभा भरली. सचिव झिंगू उठला. "पिशव्या सांभाळाचं काम चंदाबाईचं होतं. तलाव नासला तिच्या हातानं. आपला नेम सगळ्याले मालूम हाये."

नेम जुना होता. तलाव नासवणाऱ्याचं जाळं शेडमधल्या खुंटीला टांगायचं आणि वर्षभर त्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. चंदाला शेती नव्हती. नवरा गेल्यापासून तलाव हेच तिचं शेत होतं. पण झिंगू तिचं जाळं आधीच काखेत मारून आला होता.

पन्नास जणांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता एकालाही काही आठवत नव्हतं. कोणी जमिनीकडे पाहत होतं, कोणी विडी शोधत होतं.  चंदानं फक्त मनसारामकडे पाहिलं आणि मान फिरवली, जणू त्याच्याकडून काही मागण्यासारखं उरलंच नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गप्प बसला असता तर सगळं निभावून गेलं असतं. तो उठला.

"पिशव्या मी कापल्या. चंदा नाई म्हणत होती. मी आयकलं नाई. पिल्लं मी मारले."

 पोचू, जो प्रत्येक सभेत पहिला हात वर करायचा, गदगदून म्हणाला, "पाहा! याले म्हनते अध्यक्ष! बाईले वाचवाले दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यला. केवढं मोठं मन भाऊचं!"

आणि खरंच टाळ्या वाजल्या.

मनसारामच्या अंगाची लाही लाही झाली. "अरे, कायचं मोठं मन? डोळे फुटले होते का तुमचे? तिथीच होते ना सारे!"

"जाऊ द्या ना भाऊ," झिंगू समजुतीनं म्हणाला, "आमाले समजते."

यांना काही समजत नव्हतं, आणि समजू नये याची तजवीज मनसारामनंच केली होती. अठरा वर्षं जो मध्ये बोलला त्याला त्यानं ओरडून खाली बसवलं होतं. लोक गप्प बसले की त्याला वाटायचं, आपलं वजन आहे. आता त्याच्या तोंडून खरं निघालं तरी ऐकायला माणूस उरला नव्हता, नुसत्या टाळ्या उरल्या होत्या. त्याला त्या तोंडांची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

त्यानं झिंगूच्या काखेतून जाळं ओढून घेतलं आणि चंदासमोर धरलं.

"आता बोलून राह्यले, भाऊ," ती म्हणाली. "काल आयकलं असतं तं?" जाळं घेऊन ती निघून गेली. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं.

मनसाराम तडक घरी गेला आणि स्वतःचं जाळं घेऊन आला. सभा तशीच बसलेली होती. त्यानं जाळं खुंटीला टांगलं.

"भाऊ, तुमचं कसं काय?" पोचू पुटपुटला.

"काऊन? माह्यासाठी नेम येगळा हाये का?"

या वेळी टाळी वाजली नाही. कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तो बाहेर पडला. ऊन चटकत होतं, तलावावर घाण वास सुटला होता. चंदा एकटीच पाण्यात उतरून सुपानं मेलेली पिल्लं गोळा करत होती. काठावर भरलेली टोपली होती. मनसाराम पाळ उतरून तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.  हुकूम सोडून दुसरं काही बोलायची जिभेला सवयच नव्हती.

"मी काय करू?" त्यानं शेवटी विचारलं.

चंदानं वर पाहिलं नाही. "ते टोपली घ्या. पाळीच्या पल्याड गड्डा खोदा आन् पुरा. चांगला खोल खोदजा, नाई तं कुत्रे उकरतीन. आन् पाण्यात एकबी पडू देऊ नोका. आता तरी आयका!"

शेवटचे शब्द ती ओरडूनच बोलली, शेडमधल्या माणसांना ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं. मनसारामनं ते मान खाली घालून ऐकून घेतले. मग टोपली डोक्यावर घेऊन तो खड्डा खोदायला गेला.