अर्धा इंच सैल

मी मापाचा ब्लाउज बोलतोय. चऱ्होलीतल्या एका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, दोरीवर, उलटा करून वाळत घातलाय मला. समोर नव्या इमारतीचं काम चाललंय. तिकडची धूळ बसू नये म्हणून माझी मालकीण विजयश्री दर पंधरा मिनिटांनी येते आणि मला झटकून जाते. सोळा वर्षांत एवढे लाड कधी झाले नव्हते. म्हटलं, वाळेपर्यंत चार गोष्टी बोलून घ्याव्यात.

मापाचा ब्लाउज म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. कुणी पुरुषमाणूस वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. शिंप्याकडे नवीन कापड टाकताना बाई सोबत एक जुना ब्लाउज देते आणि म्हणते, "ह्या मापाचा शिवा." मग अंगाला टेप लावायला नको, लाजायला नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेपेवरचा आकडा ऐकायला नको. तो आकडा स्वतःच्या पोटात ठेवून गप्प बसायचं, हे माझं काम.

माझा जन्म अंबाजोगाईजवळच्या एका गावातला. विजयश्रीची आई, सावित्रीबाई, हिनं मला शिवलं. ओटीत आलेले जांभळ्या रंगाचे, हिरव्या काठाचे दोन खण तिनं ट्रंकेत जपून ठेवले होते. लेकीचं लग्न ठरलं तसे ते बाहेर काढले. मशीनवर बसली तेव्हा शेजारीण म्हणाली, "एका पोलक्याला दोन खण? लेक पैलवान हाय का गं, सावित्रे?"

सावित्रीबाईनं वर न बघताच पायडल मारलं. "आज न्हाई. पण लेकरू जलमभर एवढंच ऱ्हानार हाय का?"

असं म्हणून तिनं माझ्या दोन्ही बगलांत, पुढून मागून, दोन-दोन बोटं कापड आत दुमडलं. वरून स्वतःच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं आणि बारीक टाके घालून सगळं झाकून टाकलं. माझ्या पोटात काय आहे, हे ती जाणे आणि मी जाणे.

लग्न झालं. विजयश्रीचा नवरा धनेश चाकणला कंपनीत होता, तेव्हा बिऱ्हाड कुरुळीत एका खोलीत. पहिल्याच संक्रांतीला धनेशच्या चुलत काकूंकडं, केसरकाकूंकडं, चिंचवडात हळदीकुंकू होतं. नवी नवरी मला घालून गेली. माझी काय ऐट! काठ कसा चकचकत होता.

केसरकाकूंनी दारातच हनुवटीला हात लावला. "अगं बाई, खणाचं पोलकं! आमच्या आजेसासूकडं होतं असलं. आता शहराकडं आलीस ना, जरा इथल्यासारखी राहत जा की."

बायका हसल्या. वाईट मनानं नाही हो, बायका हसतात तशा हसल्या. विजयश्रीही हसली. पण परतताना रिक्षात तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि मी दिसेनासा झालो. घरी आल्यावर माझी घडी झाली ती झालीच. टाकवेना, कारण आईनं शिवलेला. घालवेना, कारण तुम्हाला कळलंच. मग मला मापाला लावलं.

तेव्हापासून फॅशन कशी येते आणि कशी जाते, ते मी शिंप्याच्या खिळ्यावरून बघितलंय. कुरुळीत उद्धवराव लेडीज टेलरचं दुकान होतं, कंपनीच्या बसथांब्यासमोरच. मापाचे ब्लाउज ते खिडकीतल्या खिळ्याला टांगायचे. दुपारचं ऊन थेट अंगावर. माझा जांभळा रंग तिथंच विटला. पण नजर मात्र फुकटात सगळीकडं फिरायची. पहिल्या शिफ्टच्या बसला बायका उभ्या राहायच्या. अंगावर सगळ्यांच्या एकसारखा करडा कंपनी-शर्ट. तरी कुणाची ओढणी सिरियलमधल्या सुनेसारखी, कुणाची वेणी कालच फोनवर बघितलेली. एकीनं सोमवारी कानात मोठ्ठे झुमके घातले की शुक्रवारपर्यंत अख्ख्या थांब्याचे कान लोंबायला लागायचे. आत गेटवर सगळं काढून ठेवावंच लागायचं. पण थांब्यावरची ती दहा मिनिटं त्यांची स्वतःची होती.

विजयश्रीही तिथं उभी राहायला लागली. गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कंपनीत लागली ती. आणि माझ्या मापावर काय काय शिवलं गेलं! फुग्याच्या बाह्या झाल्या. पाठीला दोऱ्या आणि त्यांना गोंडे झाले. मग गळा वर वर चढत पार गळपट्ट्यापर्यंत गेला, आणि परत खाली आला. फॅशन दर दिवाळीला नवी, माप मात्र मीच.

लेक दिव्या झाली, त्यानंतर विजयश्री पहिल्यांदा म्हणाली, "उद्धवराव, ह्याच मापाचा. फक्त अर्धा इंच सैल."

पुढच्या वर्षी पुन्हा, "अर्धा इंच सैल." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तिच्या डोक्यात सोळा वर्षं ती माझ्यापेक्षा फक्त अर्धा इंच वाढली होती! बाईमाणसाचा हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. उद्धवराव मान डोलवायचे, "बरं ताई." आणि कात्री हातात घेतली की गुपचूप दोन इंच जास्त कापायचे. पुढं पुढं तीन. कधी शब्दानं बोलले नाहीत. विजयश्री आरशात बघून खूश व्हायची, "बघा, मापात काही फरक नाही!" उद्धवराव चष्मा पुसायचे.

मी खिळ्यावरून बघायचो. मला लाज वाटायची. माझ्या नावावर तो माणूस खोटं रेटत होता, आणि खरं माप तर माझ्याच पोटात दुमडून पडलं होतं. पण कापडाला तोंड कुठं असतं?

मग हे लोक चऱ्होलीत फ्लॅट घेऊन आले. केसरकाकूही मुलाकडं ह्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आल्या. आणि गंमत बघा, खणाची फॅशन आली! दिव्याच्या फोनमध्ये सडपातळ बायका खणाचे ब्लाउज घालून गिरक्या घ्यायला लागल्या. ज्याला आजेसासूचं म्हणून बायका हसल्या होत्या, तेच आता कंपनीतल्या पोरी मागवायला लागल्या. मी कपाटात पडल्या पडल्या ऐकायचो. राग नाही आला. थोडं हसू आलं.

ह्या वर्षी विजयश्री लाइन लीडर झाली. तिच्या शिफ्टमधली पहिली बाई. महिला दिनाला कंपनीत सगळ्या साडी नेसून येतात. साहेबांनी सांगितलं, "विजयश्री मॅडम, स्टेजवर या, चार शब्द बोला." चारशे माणसांपुढं. चार शब्द तिनं भाकरी थापताना पाठ केले. पण घोर लागला तो कपड्यांचा. हळदीकुंकवातलं ते हसू सोळा वर्षांनीही कानातून गेलेलं नव्हतं.

तिनं ठरवलं, इरकल साडी, आणि तिच्यावर फोनमधल्या त्या बाईसारखा खणाचा ब्लाउज. बंद गळा, कोपरापर्यंत बाही. उद्धवरावांना असलं जमायचं नाही म्हणून ती इथल्याच नव्या बुटिकमध्ये गेली. सुप्रिया नावाची शिकलेली, नीटनेटकी मुलगी आहे तिथं. तिनं मला हातात घेतलं.

"ताई, हे फार जुनं दिसतंय. टेपनं घेऊ का माप?"

"नको नको. ह्याच मापाचा. अर्धा इंच सैल."

"नक्की?"

"अगं, सोळा वर्षं हेच चालतंय!"

सुप्रिया प्रामाणिक मुलगी. तिनं अर्धा इंच म्हणजे अर्धा इंचच सैल केला. कापड बेताचं होतं, त्यामुळे आत राखून ठेवायला काही उरलं नाही.

ब्लाउज आला तो कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. धनेश सेकंड शिफ्टला. आरशापुढं माय-लेकी दोघीच. बाही कोपरावर अडली. कशीबशी चढवली, तर हुक आणि काजं एकमेकांना ओळखच देईनात. मधे चार बोटांचं अंतर.

"मम्मी, श्वास आत घे."

"घेतलाय गं! सोडायचा कधी ते सांग."

दिव्याला हसू फुटलं. विजयश्रीला रडू. ती पलंगावर बसली. "मी युनिफॉर्मवरच जाते. बोलायचं पण नाही मला. नाहीतर ताप आलाय म्हणूनच कळवते. त्या शर्टाला निदान माप तरी विचारत नाहीत."

आवाज खाली गेला असणार, कारण केसरकाकू चष्मा डोक्यावर ठेवून वर आल्या. "काय झालं गं? कोण रडतंय? मला कळलंच पाहिजे." तेवढ्यात दिव्यानं आजीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नुसता एक कान आला.

"आजी, कान दिसतोय तुझा! फोन समोर धर."

सावित्रीबाईनं फोन समोर धरला, तशी अर्धं कपाळ दिसायला लागलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् म्या शिवलेलं काय केलंस, विजे? जांभळं?"

"ते मापाला आहे आई. ते तर ह्याच्यापेक्षा घट्ट."

"घट्ट कसं ऱ्हाईल? दोन खण उगंच घातले व्हय म्या? अस्तर उसव की, येडे!"

माझं काळीज, म्हणजे जे काय असेल ते, धडधडायला लागलं. केसरकाकूंनी मला उजेडात धरलं, पिनेच्या टोकानं एक एक टाका उसवला, आणि सावित्रीबाईनं राखून ठेवलेलं कापड सोळा वर्षांनी बाहेर आलं. दोन्ही बाजूंना, पुढून मागून, दोन-दोन बोटं.

"काय बाई आहे तुझी आई!" केसरकाकू पुटपुटल्या. शिवणयंत्र त्यांच्याकडं होतं. खाली नेऊन त्यांनी नवी शिवण घातली. अर्ध्यावर थांबून काठ निरखत म्हणाल्या, "हा खण मी कुठंतरी बघितलाय गं."

"तुमच्याच हळदीकुंकवाला घातला होता. पहिल्या संक्रांतीला."

"हो? मग मी काय म्हणाले होते?"

विजयश्रीनं खाली पडलेले दोरे गोळा केले. "छान दिसतोय म्हणाला होतात."

केसरकाकूंनी चष्मा नाकावर ओढला. उरलेली शिवण पुरी केली. मग खालमानेनं म्हणाल्या, "तेव्हा असं म्हणणारी नव्हते गं मी." आणि दोरा दातांनी न तोडता कात्रीनं, जपून कापला.

सकाळी मला घातलं. नीट बसलो. पण गॅलरीच्या उजेडात विजयश्रीचा चेहरा उतरला. बाहेरचा माझा रंग उन्हानं पार फिका झालेला, आणि आतून निघालेलं कापड पिकल्या जांभळासारखं गर्द. दोन्ही बगलांतून कमरेपर्यंत दोन गडद पट्टे! जोड दिल्याचं लांबूनही कळेल असं. दुसरं काही शिवायला वेळ नव्हता, बस यायची झाली होती. दिव्या म्हणाली, "हात खाली ठेव मम्मी, दिसणार नाही."

विजयश्री स्टेजवर गेली ती दोन्ही हात अंगाला चिकटवून, पोत्यासारखी. तिचं काळीज माझ्या अगदी आत, मला सगळं ऐकू येत होतं. पहिला शब्द निघाला तो पायाकडं बघून. मागून पॅकिंगच्या सुमनताई ओरडल्या, "मॅडम, ऐकू येत न्हाई! माईक वर धरा की!"

आता माईक वर धरायचा म्हणजे हात उचलायला हवा. ती थांबली. मला वाटलं, उतरते आता खाली. मग तिनं एक श्वास घेतला. आदल्या संध्याकाळी हुक लावताना घेतलेल्या श्वासासारखा नव्हे. पुरता, पोटभर. तेवढी जागा मी आता तिला देऊ शकत होतो. आणि तिनं हात उचलला.

पट्टे चारशे माणसांनी बघितले. कुणी हसलं नाही. पाठ केलेले चार शब्द ती विसरली आणि मनातले चाळीस बोलली. टाळ्या माझ्या शिवणीशिवणीत घुमल्या.

खाली आल्यावर सुमनताईंनी तिला गाठलं आणि सरळ मला चिमटीत धरलं. "मॅडम, ही साइडची डार्क पट्टी लई भारी दिसती! कुठल्या रीलमधली?"

विजयश्रीनं मान वर केली. "माझ्या आईनं काढलेली आहे."

आठवड्याभरात सुप्रियाच्या बुटिकमध्ये सात जणी येऊन गेल्या म्हणे, "विजयश्री मॅडमसारखी पट्टी लावून द्या" म्हणून. चांगलं नवंकोरं कापड कापून त्यात ती बिचारी दुसऱ्या रंगाचे जोड घालत बसलीय.

काल विजयश्री कुरुळीला उद्धवरावांकडं गेली होती, मला घालून. तिनं विचारलं, "खरं सांगा, किती सैल करत होतात?"

उद्धवरावांनी चष्मा पुसला. "अर्धाच इंच, ताई."

ती हसली. मग त्यांच्या बायकोला आतून बोलावलं आणि हात पसरून उभी राहिली. टेप लागली. आकडा मोठ्यानं सांगितला गेला, वहीत उतरला. मापाच्या कामावरून माझी सुट्टी झाली.

म्हणून सांगतो, तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याचं अस्तर एकदा उसवून बघा. कुणी तुमच्यासाठी आत काही राखून ठेवलं असेल. नसलं, तर हात पसरून टेप लावून घ्या. आकडा ऐकून कुणी मरत नाही.

आता पुरे. पाऊल वाजतंय, ती येतेय. अजून माझ्या बगलेत थोडा ओलावा आहे, आणि साबण लावूनही घामाचा जरासा वास राहिलाय. जाऊ नये असं वाटतंय. सोळा वर्षं खिळ्यावर नाहीतर कपाटात काढली, त्या एका संक्रांतीनंतर कुणाच्या अंगाचा वास मला लागलाच नव्हता.